टकटक केलीस तर उघड

माझ्या वर्गातून सुतारकाम ऐकू येतं, अशी तक्रार हेडसरांकडे पहिल्यांदा नेली ती गणिताच्या सरांनी. त्यांचा वर्ग भिंतीपलीकडे. त्यांचं म्हणणं असं, की ते फळ्यावर समीकरण मांडायला घेतात आणि पलीकडून टकटक सुरू होते, की झालं, मुलांचे कान इकडे. हेडसरांनी मला बोलावून घेतलं. माणूस मनाचा चांगला, पण शेजारी कुणी मोठ्यानं शिंकलं तरी आपलंच काहीतरी चुकलं असं त्यांना वाटतं.

"बाई, जरा हळू शिकवता येईल का?" ते म्हणाले.

"सर, मी हळूच शिकवते. टकटक मुलं करतात."

"तेच ते. मुलांना हळू टकटक करायला सांगा."

आता ही टकटक काय भानगड आहे ते सांगते. अलंकार हा धडा सगळीकडे शिकवतात तसाच आमच्याकडेही चालायचा. उपमेय, उपमान, व्याख्या लिहून घ्या, पाठ करा, पेपरात ओका. मुलं इमानदारीनं ओकायची. आणि तीच मुलं मधल्या सुट्टीत कानात इयरफोन खुपसून डोळे पुसायची. मी एकीला विचारलं, "काय आहे गं त्या गाण्यात एवढं?" ती म्हणाली, "माहीत नाही बाई, पण छान आहे." माझं टाळकंच सरकलं. रडायचं कशासाठी तेही माहीत नाही! उद्या कुणी गोड आवाजात काहीही गाऊन दाखवेल आणि ही त्याच्यामागे जाईल.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाहीर केलं. कुणी शब्द एक वापरला आणि सांगायचं दुसरं असलं, की ज्याला कळेल त्यानं बाकावर टकटक करायची. मग ते गाण्यात असो, धड्यात असो, नाहीतर माझ्या तोंडात. नियम दोनच. टकटक केलीस तर उघड, म्हणजे उभं राहून सांग आत काय आहे ते. आणि उघडायचं ते साध्या शब्दांत. एक अलंकार उघडताना दुसरा घुसडलास तर खाली बस.

पहिले काही दिवस नुसता धुमाकूळ. मी म्हणायची, "अरे, डोकं नका खाऊ माझं," की टकटक. "बाई, आम्ही तेच तेच विचारतो आणि तुम्ही दमलात." बरोबर, काय बोलणार? मग हे लोण घरोघरी पोचलं. एका मुलाचे वडील त्याला म्हणाले, घर डोक्यावर घेऊ नकोस. यानं जेवणाच्या टेबलावर टकटक केली. "आणि बाई, उघडायच्या आतच मी धपाटा खाल्ला," असं तो वर्गात सांगायला लागला, तर सगळ्या वर्गानं बाकं बडवली.

या सगळ्यांत उघडण्यात पटाईत होती चिमटी. खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर बसणारी, अंगानं काडी, आणि बोलणं असं की समोरच्याला चिमटा बसलाच पाहिजे. नाव तिथूनच पडलं. एकदा एका पोरानं गाणं ऐकवलं, कुणी सोडून गेलेल्या प्रेयसीचं. तू गेलीस आणि सगळ्या शहराचे दिवे विझले, असं काहीतरी. टकटक झाली. चिमटी उठली. "शहरात वीज होती. यालाच दिसत नव्हतं. रडत असणार." पोरं खो खो हसली, पण गाणं आणणारा पोरगा हसला नाही. त्यानं मान डोलावली.

तिनंच मला एकदा विचारलं होतं, "बाई, साध्या शब्दांत सांगता येतं, तर हे लोक आडून कशाला बोलतात?"

मी म्हटलं, "सरळ सांगितलेलं माणूस ऐकतो आणि विसरतो. आडून सांगितलं की ते त्याला स्वतःला उघडावं लागतं. आणि स्वतः उघडलेलं कुणी विसरत नाही."

"आणि लपवायचं असेल तर?"

"तर काय?"

"तर पण आडूनच बोलतात ना, बाई?"

तेव्हा तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी वाचले.

मग आमचं मैदान गेलं. सुट्टीनंतर शाळा उघडली आणि पाहतो तर मैदानाला चहूबाजूंनी पत्रे ठोकलेले. फुटबॉलच्या गोलाचे खांब उपटून शिक्षकांच्या खोलीच्या भिंतीला टेकवून ठेवले होते, जाळीसकट. खेळाच्या सरांच्या हातात बुद्धिबळाचे पट दिले. एवढा धडधाकट माणूस, गळ्यात शिट्टी, आणि मुलांना सांगतोय, उंट तिरका जातो. पत्र्यांपलीकडे गाड्या उभ्या राहायला लागल्या. शाळेला पाठ लावून एक फर्निचरचं मोठं दुकान आहे. त्या दुकानात येणाऱ्यांच्या गाड्या. दुकान आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या जावयाचं. हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं आणि बोलत कुणीच नव्हतं. सूचनाफलकावर लिहिलं होतं, विद्यार्थ्यांच्या उज्ज्वल भवितव्यासाठी मैदानाचा विकास होत आहे. मुलं व्हरांड्यात खेळायला लागली, आणि व्हरांड्यात खेळतात म्हणून शिक्षा भोगायला लागली.

वार्षिक कार्यक्रमासाठी माझ्या वर्गाला एक गाणं बसवायचं होतं. गाणं चिमटीनं लिहिलं. चाल लावली त्या दिवे विझलेल्या पोरानं. पहिल्यांदा म्हणून दाखवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. (आता वर्ग असता तर टकटक झाली असती. उघडते: मला भीती वाटली आणि आनंदही झाला.)

*मैदान आमचं कोणी गिळलं?*
*कुंपणासकट कोणी गिळलं?*
*ढेकरसुद्धा दिला नाही,*
*वर पाणीही प्यायला नाही.*

*गिळणाऱ्या रे, गिळणाऱ्या,*
*पोटात तुझ्या खेळू आम्ही,*
*शिट्ट्या मारू, धावू आम्ही,*
*पोटात आग लावू आम्ही!*

शेवटच्या ओळीला सगळा वर्ग पाय आपटायचा. तालीम व्हरांड्यात चालायची, आणि व्हरांड्यातून आवाज जायला कितीसा वेळ लागतो? आठवड्याच्या आत गाणं अध्यक्षांच्या कानावर गेलं.

हेडसरांनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं, आणि दार लागलंय ना ते परत एकदा पाहिलं.

"बाई, 'पोटात आग लावू' म्हणजे काय?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते सोडा. अध्यक्ष म्हणतात, ही जाळपोळीची धमकी आहे."

"सर, कुणाच्या पोटात जाळपोळ करायची तर आधी आत शिरावं लागेल. चिमटी काडी आहे, पण इतकीही नाही."

ते हसले नाहीत. टेबलाच्या खणातून त्यांनी एक कागद काढला. चिमटीचा शाळा सोडल्याचा दाखला. नाव, वर्ग, सगळं भरलेलं. फक्त खाली मुख्याध्यापकांची सही व्हायची बाकी होती.

शालान्त परीक्षा तोंडावर आलेली. अशा वेळी दाखला हातात दिला तर कुठली शाळा तिला घेणार? वर्ष जाणार, आणि तिच्या घरची परिस्थिती पाहता गेलेलं वर्ष परत येण्याची खात्री नाही.

"एकच मार्ग आहे," हेडसर म्हणाले. "अध्यक्ष सोमवारी तुमच्या वर्गावर येणार आहेत. तिनं सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं, गाण्याला काही अर्थ नाही, नुसता अलंकार आहे. आणि तुम्ही, भाषेच्या बाई म्हणून, हो म्हणायचं. मग ते मिटवतील."

"नुसता अलंकार?" माझा आवाज चढला. "सर, मी वर्षभर त्या पोरांना काय शिकवतेय?"

"मला माहीत आहे तुम्ही काय शिकवता. भिंतीपलीकडून ऐकू येतं." ते पुटपुटले. "पण ती मुलगी शाळेत राहिली पाहिजे, बाई. बाकी सगळं नंतर."

त्यांच्याशी भांडावं असं खूप वाटलं. पण त्यांचं शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणून मी गप्प बसले आणि संध्याकाळी चिमटीच्या आईला भेटायला बसच्या आगारात गेले.

चिमटीची आई बस चालवते. नवरा नाही, घरात ही एक पोरगी. मी गेले तेव्हा ती नुकतीच फेरी संपवून आली होती. आगाराच्या कॅंटीनमध्ये चहा पुढ्यात घेऊन बसलेली, शेजारी चिमटी पुस्तक उघडून. मी सगळं सांगितलं. आईचा चेहरा पडला. मग ती लेकीवर उखडली.

"तुला कुणी सांगितला हा शहाणपणा? गाणं लिहायचंय तर फुलांवर लिही, पाखरांवर लिही! बाई, मी दिवसभर लोकांची पोरं शाळेत नेऊन सोडते. माझीच शाळेबाहेर पडली, तर मी कोणत्या तोंडानं गाडी चालवू?"

टेबलावर हळूच टकटक झाली. चिमटीनं केली होती. सवय, दुसरं काय. आईनं डोळे वटारले.

"आणि हे काय परत?"

"म्हणजे आईला भीती वाटतेय," चिमटी खाली मान घालून म्हणाली.

आईनं चहाचा कप बशीत गोल फिरवला. मग म्हणाली, "हो. वाटतेय. फार वाटतेय."

मी खुर्ची पुढे ओढली. "हे बघ चिमटे, एक वाक्य म्हणायचंय. गाण्याला काही अर्थ नाही, नुसता अलंकार आहे. तोंड वाकडं करून म्हण, हवं तर मनात शिव्या घालत म्हण. परीक्षा होऊ दे, मग हवं ते लिही."

ती माझ्याकडे बघत राहिली. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती चिडली नाही.

"बाई, नुसता अलंकार असतो का कधी?" तिनं विचारलं. "तुम्हीच म्हणता ना, आत काही नसेल तर टकटक करू नको, बाक दुखतं."

मी हे बोलले होते. अगदी याच शब्दांत. मी इकडे तिकडे बघितलं. पलीकडच्या टेबलावरचे कंडक्टर पत्ते खेळत होते.

"मग मी तुला काय सांगू?" मी म्हटलं.

"सांगू नका काही," आई मध्येच म्हणाली. तिनं कप बाजूला सारला. "मला गाणं नको, बाई. मला हिची शाळा हवी, स्पष्ट सांगते. पण खोटं बोल असं मी हिला आजवर सांगितलेलं नाही आणि आज माझ्या तोंडून ते निघत नाहीये. तुम्ही शाळेतल्या, शिकलेल्या. काय ते तुम्हीच करा." तिची पुढच्या फेरीची वेळ झाली होती. ती उठली, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली.

सोमवारी अध्यक्ष आले. उंचेपुरे, भारदस्त, बोलणं मधाळ. मागे हेडसर, हातात फाईल. फाईलमध्ये काय होतं ते मला माहीत होतं. मुलं उभी राहिली, बसली. चिमटी खिडकीजवळ, हात मांडीवर ठेवून. मी दाराजवळ उभी राहिले. काय करायचं हे मी तोवर ठरवलेलं नव्हतं. खोटं कशाला सांगू?

अध्यक्षांनी घसा साफ केला. "मुलांनो, ही शाळा म्हणजे एक कुटुंब आहे."

टकटक.

पुढून तिसऱ्या बाकावरून आली. शपथेवर सांगते, त्या पोरीला करायची नव्हती. वर्षभराची सवय, हात आपोआप गेला. ती घाबरून लालबुंद झाली. अध्यक्ष थांबले.

"हे काय?"

हेडसर चाचरत म्हणाले, "साहेब, ती... ती यांची अभ्यासाची पद्धत आहे. बोलण्यात अलंकार आला की मुलं टकटक करतात. आणि मग त्याचा अर्थ सांगतात."

"असं होय!" अध्यक्षांना मजा वाटली. त्यांनी हात मागे बांधले. "वा! मग सांग की बाळ, काय अर्थ माझ्या वाक्याचा?"

हे त्यांनी विचारायला नको होतं. पोरगी उठली. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

"म्हणजे... तुम्ही सांगाल ते आम्ही ऐकायचं," ती म्हणाली.

एक दोघं फिसकन हसली. अध्यक्षही हसले, पण अर्धंच. "बरं. या शाळेसाठी मी रक्ताचं पाणी केलंय."

टकटक. एक पोरगा उठला. "म्हणजे तुम्ही शाळेसाठी खूप कष्ट केलेत."

"शाबास!" अध्यक्ष खुलले. आणि ते खरंही होतं. ही इमारत त्यांनीच उभी केली, पायाला भिंगरी लावून वर्गणी गोळा केली. माझ्या पोरांनी त्यांच्यावर अन्याय केला असं कुणी म्हणू नये. जे होतं ते उघडलं.

आता त्यांना चांगलाच चेव आला. "आणि आज तुमच्या मैदानानं तुमच्या भवितव्यासाठी त्याग केला आहे!"

या वेळी टकटक एकीकडून झाली नाही. पुढून, मागून, भिंतीकडून, सगळीकडून झाली. पलीकडे गणिताच्या सरांच्या हातातला खडू नक्की थांबला असणार. अध्यक्षांचं हसू गेलं. दिवे विझलेला पोरगा उठून उभा राहिला.

"सर, मैदान त्याग करत नाही. मैदान काहीच करत नाही, ते नुसतं असतं. ते कुणीतरी कुणालातरी दिलं. कुणी दिलं आणि कुणाला दिलं, ते तुमच्या वाक्यात नाही."

तास संपल्याच्या घंटेनं एकदा मला वाचवलं होतं. आज ती घंटा नको होती. लपवायचं असेल तर पण आडूनच बोलतात ना, बाई? उत्तर माझ्या वर्गानं शोधून ठेवलं होतं, माझ्या मदतीशिवाय.

"पुरे!" अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. "ती मुलगी कुठे आहे? उभी राहा. हे बघ, पोरखेळ बास झाला. सांग सगळ्यांना, त्या गाण्याला काही अर्थ नाही."

चिमटी उठली. दोन्ही हात तिनं बाकावर टेकवले. मग एका बोटानं, आपल्या स्वतःच्या गाण्यासाठी, तिनं बाकावर टकटक केली.

"अर्थ आहे, सर. नियमाप्रमाणे साध्या शब्दांत सांगावा लागतो. सांगू?"

"सांग. साध्याच शब्दांत सांग, म्हणजे सगळ्यांना कळेल तुझ्या डोक्यात काय भरलंय."

"शाळेचं मैदान तुम्ही तुमच्या जावयांच्या दुकानाला गाड्या लावायला दिलंत. आम्हाला विचारलं नाही, आमच्या आईवडिलांना विचारलं नाही. आता आम्हाला खेळायला जागा नाही. ते तुम्ही फलकावर लिहिलं नाही, दुसरंच लिहिलं. म्हणून आम्हाला राग आला आहे. आम्ही हे सगळ्यांसमोर म्हणणार आहोत, म्हणजे तुम्हाला लाज वाटेल." ती थांबली. "पोटातली आग म्हणजे ती. लाज. काडेपेटी नाही."

तिच्या बोलण्यात उघडायला काही उरलंच नव्हतं. एकही हात बाकाकडे गेला नाही.

अध्यक्षांचा चेहरा रागानं तांबडा झाला. ते माझ्याकडे वळले. "बाई, हे तुम्ही शिकवलंत?"

सोमवारपर्यंत जे ठरत नव्हतं ते त्या क्षणी आपोआप ठरलं.

"हो, मीच शिकवलं. आणि उत्तर बरोबर आहे. पूर्ण गुण."

"तुमचं बघतो मी नंतर! आधी ही. ही मुलगी म्हणजे शाळेला लागलेली कीड आहे. हेडसर, दाखल्यावर सही करा. इथेच, आत्ता, सगळ्यांसमोर."

हेडसरांनी फाईल टेबलावर उघडली. खिशातून पेन काढलं, टोपण काढलं. चिमटीचं नाव लिहिलेल्या त्या कागदावर ते वाकले आणि मला वाटलं, संपलं. इतक्या दिवसांत मला त्या माणसाचा कधी एवढा संताप आला नव्हता.

टकटक.

मी मुलांकडे बघितलं. मुलं टेबलाकडे बघत होती. हेडसरांनी पेन उलटं धरलं होतं आणि पेनाच्या मागच्या टोकानं टेबलावर टकटक केली होती.

"तुम्हीसुद्धा?" अध्यक्ष म्हणाले.

हेडसर सगळ्या वर्गाकडे न बघता फक्त चिमटीकडे बघून बोलले, तेही इतकं हळू की मागच्या बाकांना पुढे वाकावं लागलं.

"कीड म्हणजे... ही मुलगी खरं बोलली. आणि आपल्याला ते नको आहे." मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं, दाखला घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात टाकला. "या कागदावर माझी सही लागते, साहेब. ती मी करणार नाही."

अध्यक्षांना वर्गात उभं राहवेना, आणि निघताही येईना. पावलं मात्र दाराकडे वळली. त्यांची ही पंचाईत मला दिसली आणि माझ्या जिभेला राहवलं नाही.

"साहेब, कार्यक्रमाचं तेवढं सांगून जा. वर्गाला काहीतरी सादर करायचंच आहे. गाणं म्हणू की आत्ता सांगितलेला अर्थ वाचून दाखवू? दोन्ही तयार आहेत."

ते दारापर्यंत गेले होते. वळून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं भाजीवाल्यानं सडक्या टोमॅटोकडे पाहावं. पण त्यांचा हिशोब तोंडावर दिसत होता. पुढच्या रांगेत बसून जावयाचं नाव ऐकणं एकीकडे, आणि कुणाच्या तरी ढेकराचं गाणं दुसरीकडे.

"गाणंच म्हणा!" ते ओरडले आणि गेले.

दार लागलं आणि वर्गानं जी बाकं बडवली, ती मी थांबवली नाही. भिंतीपलीकडून गणिताच्या सरांनीही भिंतीवर दोनदा ठोकलं. ते तक्रारीचं होतं की कसलं, ते त्यांनी अजून उघडलेलं नाही.

कार्यक्रम त्याच आठवड्यात, एका दुपारी झाला. सभागृह पालकांनी खच्चून भरलं होतं. अध्यक्ष पहिल्या रांगेत, शेजारी जावई. बक्षिसं त्यांच्याच हस्ते द्यायची होती, टाळणार कसं? खिडक्यांमधून ते पत्रे दिसत होते. मला आधीच चिठ्ठी आली होती, पुढच्या वर्षापासून भाषा नाही, लहान मुलांचा चित्रकलेचा तास. मी ती चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि माइकजवळ जाऊन उभी राहिले. लहान मुलांनाही बाकं असतात.

माझ्या वर्गानं गाणं म्हटलं. शेवटच्या ओळीला असे पाय आपटले की रंगमंचाची धूळ पहिल्या रांगेत गेली. टाळ्या झाल्या, त्याही घाबरत घाबरत. पालक एकमेकांकडे बघत होते, मग अध्यक्षांकडे, मग चपलांकडे.

आणि मागून टकटक ऐकू आली.

सभागृहाच्या दारावर. दारात चिमटीची आई उभी होती, गणवेशातच, फेरी संपवून तशीच आलेली. बसायला जागा नव्हती म्हणून दारात. मूठ अजून दाराला लावलेली. सगळ्यांनी माना वळवल्या तशी ती गोरीमोरी झाली. स्टेजवर चिमटीनं माझा हात घट्ट धरला.

मी माइकमध्ये बोलले. "आमच्या वर्गाचा एक नियम आहे, ताई. टकटक केलीत तर उघडा. साध्या शब्दांत."

ती एक पाऊल आत आली. तिनं लेकीकडे बघितलं, मग खिडकीबाहेरच्या पत्र्यांकडे.

"म्हणजे," ती म्हणाली, "पोरांचं मैदान परत द्या."

वाक्यात अलंकार नव्हता, म्हणून कुणीही टकटक केली नाही. सगळं सभागृह नुसतं पहिल्या रांगेकडे बघत राहिलं, उत्तराची वाट पाहत.